पीसीव्ही झडप

पीसीव्ही झडप ही पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमध्ये साचणारे वायू मोजक्या प्रमाणात पुन्हा इंजिनाच्या श्वसनमार्गात सोडणारी लहान झडप आहे. 'पीसीव्ही' ही 'पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन' या संज्ञेची आद्याक्षरे असून, तिचा अर्थ क्रँककेसचे सक्तीचे वायुवीजन असा होतो. बहुतेक जुन्या मोटारींत ही झडप अंगठ्याएवढी असते, हाताने उपसून काढता येते आणि इंजिनाच्या सर्वांत स्वस्त सुट्या भागांत तिची गणना होते. तिचे महत्त्व मात्र आकारावरून ओळखता येत नाही. झडप तुंबली किंवा झिजली की इंजिनातून ऑइल गळणे, इंजिनाने ऑइल खाणे, निळसर धूर येणे आणि गाडी उभी असताना इंजिन थरथरणे ही लक्षणे दिसतात. झिजलेल्या पिस्टन रिंगांची लक्षणेही बरीचशी हीच असल्याने, केवळ या झडपेत दोष असताना पूर्ण इंजिन खोलले जाण्याची शक्यता राहते.

क्रँककेसमधील वायू

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमधील जळत्या वायूंचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट रिंगांनी बंद केलेली असली, तरी ती पूर्णपणे हवाबंद कधीच नसते. रिंगांच्या टोकांमधील बारीक फटीतून प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा वायू खाली निसटतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या तळाकडील बंद कोठ्यात, जमा होतो. या निसटलेल्या वायूंस ब्लो-बाय म्हणतात. भारतातील गॅरेजांत यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' असे नाव रूढ आहे. अगदी नव्या इंजिनातही ब्लो-बाय असतोच. जुन्या इंजिनात त्याचे प्रमाण वाढते.

या वायूंत न जळलेले पेट्रोल, ज्वलनातून निर्माण झालेले वायू आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडते. परंतु जो अंश क्रँककेसमध्ये उतरतो तो थंड इंजिनाच्या आतील भिंतींवर दवासारखा जमतो. पाणी, पेट्रोल आणि ज्वलनातून आलेली आम्ले वंगण तेलात मिसळल्यास तेल पातळ व आम्लयुक्त होते आणि कालांतराने त्याचा काळा, चिकट गाळ बनतो. ऑइल भरण्याच्या टोपणाच्या आतील बाजूस कधीकधी दिसणारा लोण्यासारखा पिवळसर थर हे पाणी आणि तेल यांचे मिश्रण असते. इंजिन पुरेसे तापण्याआधीच बंद होईल असे लहान लहान प्रवास नित्य करणाऱ्या गाड्यांत हा थर विशेष आढळतो.

दुसरा प्रश्न दाबाचा. क्रँककेसमधील वायूंना बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास तेथील दाब वाढत जातो आणि तो सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा क्रँकशाफ्टच्या पुढील-मागील ऑइल सीलमधून, तेलाला बाहेर ढकलतो. सील स्वतः निर्दोष असतानाही ते गळू लागते ते या कारणाने.

इतिहास

मोटारींच्या आरंभीच्या अनेक दशकांत या प्रश्नावरचे उत्तर अगदी साधे होते. क्रँककेसमधून एक नळी गाडीच्या पोटाखाली काढलेली असे आणि तिचे टोक तिरपे कापलेले असे. गाडी धावू लागली की खालून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे त्या टोकाशी ओढ निर्माण होई आणि वायू बाहेर खेचले जात. ऑइल भरण्याच्या टोपणातील जाळीतून त्यांच्या जागी ताजी हवा आत येई. या नळीला रोड ड्राफ्ट ट्यूब म्हणत. तिचा दोष उघड आहे: गाडी उभी असताना अथवा शहरातील गर्दीत रेंगाळत असताना वायुवीजन जवळजवळ थांबत असे, आणि वाफ साचण्याची वेळ नेमकी तीच असते. शिवाय तेलाचे थेंब रस्त्यावर पडत. त्या काळच्या वाहत्या रस्त्यांवर प्रत्येक मार्गिकेच्या मध्यभागी दिसणारा काळा पट्टा बव्हंशी या नळ्यांची देणगी होता.

इंजिनाच्याच ओढीने क्रँककेसचे वायुवीजन करण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांवर वापरात आली. नदी-नाल्यांच्या खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांत खाली उघडणारी नळी चालणारी नव्हती, कारण तिच्यातून पाणी थेट इंजिनात शिरले असते. युद्धानंतर नागरी मोटारींनी मात्र ही पद्धत लगेच स्वीकारली नाही.

ती सर्वत्र पोहोचली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी यान हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते, आणि या द्रव्यांचा मोठा वाटा मोटारींतून येतो. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी अंदाजे पाचवा हिस्सा धुराड्यातून नव्हे, तर क्रँककेसच्या नळीतून येत असल्याचेही त्यानंतर स्पष्ट झाले. क्रँककेस बंद करणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होता. १९६१पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत आणि १९६३च्या मॉडेलांपासून संपूर्ण अमेरिकेत ही व्यवस्था बसवली जाऊ लागली. मोटारींवरील प्रदूषण-नियंत्रणाचे हे पहिले साधन मानले जाते. उत्प्रेरक परिवर्तक त्यानंतर दशकाहून अधिक काळाने आला. हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

आरंभीच्या व्यवस्था 'खुल्या' होत्या: ताजी हवा ऑइलच्या टोपणातून आत येई, आणि इंजिनावर फार भार आला की जादा वायू त्याच टोपणातून बाहेरही पडत. पुढे टोपण बंद करून ताज्या हवेची नळी एअर क्लीनरला जोडण्यात आली. त्यामुळे उलट आलेले वायूही अखेर इंजिनातच जाऊन जळतात. या 'बंद' व्यवस्थेचे तत्त्व आजही बदललेले नाही.

रचना आणि कार्य

पेट्रोल इंजिनाच्या थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या कमी दाबामुळे निर्माण होणारी ओढ म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील व्हॅक्यूम होय. पीसीव्ही व्यवस्थेत क्रँककेस एका नळीने मॅनिफोल्डला जोडलेली असते आणि त्या वाटेवर झडप बसवलेली असते. दुसरी नळी, जिला ब्रीदर म्हणतात, एअर क्लीनरमधून गाळलेली ताजी हवा क्रँककेसमध्ये आणते. अमेरिकी व्ही-८ इंजिनांत झडप सामान्यतः एका बाजूच्या टॅपेट कव्हरवर आणि ब्रीदर दुसऱ्या बाजूच्या कव्हरवर असतो. त्यामुळे ताजी हवा संपूर्ण इंजिन ओलांडून जाते.

साधी नळी पुरली असती, तर झडपेची गरजच नव्हती. अडचण अशी की ओढ आणि गरज यांचे प्रमाण उलटे असते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन सावकाश फिरत असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमधील ओढ सुदृढ इंजिनात ४५ ते ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतकी प्रबळ असते; परंतु त्या वेळी ब्लो-बाय कमी असतो. चढावर किंवा वेग घेताना ब्लो-बाय वाढतो आणि ओढ मात्र घटते. मोकळ्या नळीतून आयडलिंगला इतकी हवा आत शिरेल की इंजिन बंद पडेल.

झडपेच्या आत एक निमुळता प्लंजर आणि एक नाजूक स्प्रिंग असते. ओढ प्रबळ असली की प्लंजर स्प्रिंगविरुद्ध मॅनिफोल्डच्या दिशेने खेचला जातो आणि वाट अरुंद होते. मध्यम वेगात ओढ कमी होते, स्प्रिंग प्लंजरला मागे ढकलते आणि वाट रुंदावते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ओढ जवळपास नाहीशी होते. अशा वेळी झडपेतून न मावणारे वायू ब्रीदरमधून उलट दिशेने एअर क्लीनरकडे जातात. इंजिन बंद असताना स्प्रिंग प्लंजरला क्रँककेसकडील बैठकीवर दाबून धरते. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाल्यासही प्लंजर याच बैठकीवर आपटून वाट बंद करतो, त्यामुळे ज्वाला क्रँककेसमधील पेट्रोलच्या वाफेपर्यंत पोहोचत नाही. हे संरक्षक कार्य सहसा विसरले जाते. झडप काढून तिच्या जागी साधी नळी जोडण्याची युक्ती धोकादायक ठरते ती यामुळेच.

झीज आणि तिची लक्षणे

झडपेतून सतत तेलकट, काजळीयुक्त वाफ जात असल्याने प्लंजरवर चिकट थर बसतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते आणि प्लंजर ज्या बैठकीवर आपटतो तिच्या कडा झिजतात. रबरी ग्रॉमेट आणि नळ्याही कडक होऊन तडकतात. बिघाड दोन परस्परविरोधी प्रकारांनी प्रकट होतो.

झडप बंद अवस्थेत अडकल्यास किंवा तुंबल्यास क्रँककेसमधील दाब वाढतो. ऑइल सीलमधून आणि पॅकिंगमधून तेल पाझरते, कधी डिपस्टिक आपल्या जागेवरून वर सरकते. वायू ब्रीदरमधून उलटे जाऊ लागतात आणि एअर क्लीनरमध्ये तेल दिसू लागते. ताज्या हवेचा प्रवाह थांबल्याने तेल लवकर काळे पडते आणि गाळ साचतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात आयडलिंगचे मिश्रण झडपेतून येणारी हवा गृहीत धरूनच लावलेले असते. ती हवा न मिळाल्याने मिश्रण रिच होते, म्हणजे त्यातील पेट्रोलचे प्रमाण वाढते.

झडप उघड्या अवस्थेत अडकल्यास परिणाम नेमका उलट होतो. आयडलिंगला प्रमाणाबाहेर हवा आत येते, मिश्रण लीन होते, इंजिन थरथरते किंवा बंद पडते, आणि बॉनेट उघडल्यावर कधीकधी सूं असा आवाज ऐकू येतो. प्रबळ ओढीबरोबर तेलाचे बारीक तुषारही मॅनिफोल्डमध्ये खेचले जातात. ते जळून धुराड्यातून निळसर धूर येतो आणि स्पार्क प्लगवर काळा थर बसतो. संगणकाने नियंत्रित इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्यांत अशा वेळी मिश्रण लीन असल्याचा पी०१७१ हा दोषसंकेत नोंदला जाऊ शकतो. त्याआधीच्या गाड्यांत असा कोणताही इशारा मिळत नाही.

ऑइल खाणाऱ्या जुन्या गाडीच्या बाबतीत 'इंजिनाचे काम निघाले' असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. ऑइलचे टोपण काढून त्यातून धूर येतो का हे पाहण्याची प्रथा जुनी गाडी विकत घेताना सर्रास पाळली जाते. पण झडप तुंबली असेल, तर रिंगा ठीक असलेल्या इंजिनातूनही तेथे वाफ दिसतेच. झडप चालू आहे की नाही हे पाहिल्याशिवाय या परीक्षेतून रिंगांविषयी काहीही सिद्ध होत नाही.

तपासणी

तपासणीसाठी विशेष हत्यारे लागत नाहीत. ती मोकळ्या हवेत करतात, कारण चालू इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असतो. पंखा आणि पट्टा यांपासून सैल कपडे व मोकळे केस दूर ठेवावे लागतात, तसेच क्रँककेसचे वायू ज्वलनशील असल्याने जवळ विडी-सिगारेट किंवा कोणतीही ज्योत चालत नाही.

सर्वांत परिचित परीक्षा म्हणजे झडप काढून कानाजवळ हलवणे. आतील प्लंजर मोकळा असेल तर खडखड असा आवाज येतो. आवाज न आल्यास झडप बदलावी हे निश्चित होते. या परीक्षेवर अनेकांचा नको तेवढा विश्वास असतो. मऊ पडलेली स्प्रिंग आणि झिजलेली बैठक असलेली झडपही उत्तम खडखडते. म्हणून या परीक्षेत नापास झालेली झडप खात्रीने खराब असते, पण पास झालेली चांगली असेलच असे नाही.

दुसरी परीक्षा इंजिन चालू ठेवून होते. इंजिन नेहमीच्या तापमानाला आल्यावर झडप टॅपेट कव्हरमधून उपसतात, पण तिची नळी जोडलेलीच ठेवतात. झडपेच्या उघड्या तोंडावर अंगठा धरला असता जोराची ओढ जाणवली पाहिजे. अंगठ्याने तोंड बंद करताच प्लंजर सरकल्याची टिक् अशी जाणीव होते आणि इंजिनाची गती किंचित उतरते. ओढ मुळीच नसेल तर नळी झडपेपासून सोडवून नळीच्या टोकाशी पाहतात. तेथे ओढ असेल तर झडप तुंबलेली आहे. तेथेही नसेल तर दोष झडपेचा नसून नळीचा किंवा कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या छिद्राचा आहे, आणि नवी झडप आणून काहीच साधणार नाही. हे छिद्र काजळीने बुजल्याचे जुन्या गाड्यांत पुष्कळदा आढळते.

तिसरी परीक्षा संपूर्ण व्यवस्थेची असते. झडप जागेवर बसवून एअर क्लीनरकडील ब्रीदरची नळी बंद करतात, ऑइलचे टोपण काढतात आणि त्या तोंडावर पोस्टकार्डासारखा ताठ कागद ठेवतात. इंजिन आयडलिंगला चालू असताना साधारण मिनिटभरात कागद तोंडाशी खेचला गेला पाहिजे. कागद खेचलाही जात नाही आणि उडतही नाही, तर बाहेरची हवा एखाद्या फाटलेल्या पॅकिंगमधून किंवा डिपस्टिकच्या नळीतून आत येत असण्याचा संभव असतो. कागद वर उचलला जात असेल तर आत दाब आहे. अशा वेळी अंगठ्याची परीक्षा आधी केलेली असणे उपयोगी पडते. झडपेची ओढ चांगली असूनही कागद उडत असेल, तर ब्लो-बाय झडपेच्या क्षमतेपलीकडे गेलेला असतो आणि संशय रिंगांवर किंवा सिलिंडरवर येतो. त्यानंतरचे पाऊल म्हणजे प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी. मोजलेला दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल घालून पुन्हा मोजतात. ऑइलने दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास दोष बहुधा झडपांच्या बैठकीत किंवा हेड गॅस्केटमध्ये असतो.

झडप बदलणे

झडप साफ करावी की बदलावी याविषयी मतभेद आढळतात. कार्ब्युरेटर क्लीनरने धुतल्यावर अडकलेला प्लंजर मोकळा होतो, हे खरे. परंतु मऊ झालेली स्प्रिंग धुण्याने कडक होत नाही. न उघडता येणाऱ्या बंद झडपांच्या बाबतीत, किंमत पाहता, बदलणे हेच शहाणपणाचे ठरते. बदलण्याची मुदत उत्पादकागणिक भिन्न असते आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. लहान प्रवास आणि दमट हवा असल्यास ती मुदत संपण्याआधीच तपासणी करणे इष्ट.

नवी झडप निवडताना केवळ बाह्य आकार जुळणे पुरेसे नसते. प्लंजरचा निमुळतेपणा आणि स्प्रिंगचा ताण प्रत्येक इंजिनाच्या आकारमानानुसार ठरवलेला असतो. हुबेहूब दिसणाऱ्या दोन झडपांपैकी एक लहान चार सिलिंडरच्या इंजिनासाठी आणि दुसरी मोठ्या व्ही-८ साठी असू शकते. चुकीची झडप बसवल्यास नव्या भागानेच जुन्या बिघाडाची लक्षणे निर्माण होतात, आणि नवा भाग निर्दोष असणारच या समजुतीने दोष भलतीकडे शोधला जातो. म्हणून खरेदी गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन यांवरून करतात.

इंजिन थंड असताना झडप किंचित पिळत सरळ वर उपसतात. नळी धरून ओढल्यास जुनी नळी फाटते. ग्रॉमेट कडक झालेले असल्यास त्याचे तुकडे टॅपेट कव्हरच्या आत पडू शकतात, म्हणून ते चिमट्याने सावकाश आणि शक्यतो अखंड काढावे लागते. ते नेहमी झडपेबरोबरच बदलतात, कारण सैल ग्रॉमेटच्या कडेने गाळणी न लागलेली हवा आत शिरते. काही इंजिनांत झडप आट्यांची असून थेट मॅनिफोल्डमध्ये बसते. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डचे आटे मऊ असल्याने ती जोराने आवळणे टाळावे लागते.

नळी आतून फुगलेली, पिचकणारी किंवा तडकलेली असेल तर तीही बदलतात. येथे हाताशी असलेला पाण्याच्या नळीचा तुकडा वापरण्याचा मोह टाळण्याजोगा आहे: तेलाच्या वाफेने ते रबर फुगते आणि प्रबळ ओढीने नळी चपटी होऊन वाट बंद होते. झडपेवर बाण असल्यास तो मॅनिफोल्डच्या दिशेने असावा लागतो. झडप उलटी बसली तर वायुवीजन जवळजवळ थांबते. टॅपेट कव्हरच्या आत झडपेखाली तेलाचे शिंतोडे अडवणारा पत्रा असतो. तो गाळाने भरलेला असेल तर कव्हर उतरवून धुणे भाग पडते, नाहीतर नवी झडपही लवकरच तेल ओढू लागते.

शेवटचे काम बऱ्याचदा राहून जाते. जुनी झडप हळूहळू बिघडत गेलेली असते आणि त्या काळात कोणीतरी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून आयडलिंग सावरलेले असते. नवी झडप बसताच ती तडजोड उघडी पडते आणि इंजिन आधीपेक्षाही वाईट चालू लागते. नवी झडप सदोष असल्याचा समज यातूनच होतो. वस्तुतः आयडलिंगची गती आणि मिश्रण पुस्तिकेप्रमाणे नव्याने लावणे एवढेच बाकी असते. तेल गाळाने काळे झाले असल्यास तेल आणि फिल्टर याच वेळी बदलतात.

एमजीबीचे उदाहरण

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही दोन आसनी मोटार या विषयाचे बोलके उदाहरण आहे. तिच्या १७९८ घनसेंटिमीटरच्या बी-मालिका इंजिनात १९६४पासून बंद क्रँककेस-वायुवीजन आले. तिची झडप नेहमीच्या प्लंजरच्या झडपेहून वेगळी, स्मिथ्स या कंपनीने बनवलेली, चपट्या डबीच्या आकाराची आणि मॅनिफोल्डवर बसणारी होती. तिच्यात रबरी पडदा, स्प्रिंग आणि वाट कमी-जास्त करणारी सुई असते. तारेची क्लिप काढून ती उघडता येते, त्यामुळे तिची खरोखर साफसफाई करता येते.

उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली परीक्षा अत्यंत सोपी आहे. तापलेले इंजिन आयडलिंगला असताना ऑइलचे टोपण काढायचे. झडप ठीक असल्यास इंजिनाची गती मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांनी वाढते आणि हा फरक कानालाही कळतो. गती न बदलल्यास झडप उघडून साफ करायची: धातूचे भाग द्रावकाने, आणि थर हट्टी असल्यास आधी उकळत्या पाण्यात बुडवून, रबरी पडदा मात्र केवळ साबणाच्या पाण्याने किंवा मेथिलेटेड स्पिरिटने. खरवडण्यास मनाई आहे, कारण सुईचा आकार बिघडला की मापच बिघडते. पडदा फाटलेला असेल तर बाहेरची हवा थेट मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी आयडलिंग स्थिर होत नाही.

याच गाडीत ताजी हवा ऑइलच्या टोपणातून येते. टोपणात बारीक छिद्र व गाळणी असून ते दर १२,००० मैलांनी, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटरनी, बदलावे असे पुस्तिका सांगते. छिद्र नसलेले देखणे टोपण बसवणाऱ्या हौशी मालकांनी नकळत ताज्या हवेची वाटच बंद केल्याची उदाहरणे आढळतात. पुढील काळातील एमजीबी गाड्यांतून ही झडप काढून टाकण्यात आली आणि क्रँककेस थेट एसयू कार्ब्युरेटरच्या ज्या भागात ओढ जवळपास स्थिर राहते त्या भागाशी जोडण्यात आली. ओढच बदलत नसल्याने तेथे झडपेची गरज उरली नाही.

इतर रचना

सर्वच गाड्यांत हलणारी झडप नसते. जीप चेरोकीच्या चार लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात ठरावीक मापाचे छिद्र असलेला कोपरा वापरलेला आहे. तो झिजत नाही, पण तुंबतो. व्होल्व्हो २४० या गाडीत नळीच्या वाटेवर ज्योतरोधक म्हणून अनेक बारीक छिद्रांची प्लॅस्टिकची चकती असते. ती तुंबल्यास क्रँकशाफ्टचे मागील सील दाबाने बाहेर सरकू शकते आणि ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल आणि त्यामुळे निर्माण होणारी प्रबळ ओढ नसल्याने तेथील व्यवस्था निराळ्या तत्त्वावर चालते. अलीकडच्या अनेक गाड्यांत झडपेचा रबरी पडदा प्लॅस्टिकच्या टॅपेट कव्हरमध्येच अंतर्भूत असतो आणि तो फाटल्यास बऱ्याचदा पूर्ण कव्हर बदलावे लागते.

भारतातील स्थिती

हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसिडर गाडीचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन एमजीबीच्याच बी-मालिकेतील, पण आधीच्या पिढीचे होते. त्यामुळे एमजीबीविषयीची माहिती ॲम्बॅसिडरला जशीच्या तशी लावता येत नाही. आधी त्या विशिष्ट गाडीवर झडप आहे की केवळ खाली उघडणारी नळी आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

भारतात नव्या मोटारींच्या मान्यता-चाचण्यांत क्रँककेसचे वायू बाहेर पडत नाहीत याची स्वतंत्र परीक्षा होते. तीत ठरावीक स्थितींमध्ये क्रँककेसमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा अधिक नसावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा मान्यता-चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी आहे. वापरातील गाड्यांच्या पीयूसी तपासणीत क्रँककेस पाहिली जात नाही. तेथे धुराड्यातील वायू आयडलिंगला मोजले जातात, आणि भारत स्टेज मानकांपूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के ही मर्यादा आहे. तुंबलेल्या झडपेने मिश्रण रिच झालेली जुनी गाडी या तपासणीत अडकू शकते. उलट प्रकारही घडतो: झडप उत्तम असते, पण क्रँककेसमधील तेलात पेट्रोल मिसळलेले असते आणि त्याची वाफ झडपेतून मॅनिफोल्डमध्ये जाऊन मिश्रण रिच करते. अशा गाडीत झडपेची नळी तात्पुरती बंद करताच धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटतो, आणि तेल बदलल्यावर कार्ब्युरेटरला हात न लावताही आकडा खाली येतो.